भटूचं पोर गुबगुबीत, माझं बारीक

मित्रांनो, आज मी भलताच जळलो.

मी घरापासून लांब नवागामला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आहे. शेजारच्या खोलीत भटू राहतो, बायको आणि तीन महिन्यांच्या पोरासकट. माझी बायको कविता बाळ घेऊन माहेरी, शिरपूरकडे. सकाळी भटू पोर मांडीवर घेऊन, माझ्या फोनमधला बाळाचा फोटो बघत म्हणाला, "तुझं बारीकच दिसतं रे! वहिनीच्या दुधात साय नाही वाटतं."

डोकं फिरलं. लगेच कविताला फोन लावून ओरडलो, "तूप खात जा ना! जाड सूत लावलं की कापड जाड निघतं."

"मी काय तुमचा लूम आहे?" म्हणत तिने फोन आशाताईंना दिला. त्या गावातल्या आशा सेविका, बाळाचं वजन करायला आल्या होत्या.

"भाऊ, जास्त तुपाने दुधातलं फॅट फारसं वाढत नाही, त्याचा प्रकार बदलतो. बरंचसं फॅट तर हिच्या अंगावरच्या चरबीतूनच येतं. वजन बरोबर वाढतंय. हिला सुखाने जेवू द्या."

म्हणजे ती अंगातलं काढून पोराला देते, आणि मी तिलाच बोललो. माफी मागितली.

भटूवर मात्र अजून जळतोय. त्याचं पोर त्याच्या मांडीवर झोपतं. माझं किती जड झालं, ते मला आशाताई सांगतात.

बाहेरगावी राबणाऱ्या बापांनो, तुम्ही आपलं पोर शेवटचं कधी उचललंत?