अप्पांची टोपी आणि युरोपातली चर्चं

अप्पांना युरोपात एकच गोष्ट पाहायची होती, ती म्हणजे छत. मुलुंडच्या आमच्या बिऱ्हाडातून ट्रंका टांग्यात चढत होत्या तेव्हा शेजारचे सामंत त्यांना कुठले कुठले मनोरे आणि राजवाडे सुचवत होते. अप्पा सगळ्याला मान डोलावत होते आणि त्यातलं काहीही बघणार नव्हते, हे मला ठाऊक होतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढता काढता निवृत्त झाले. कचेरीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात युरोपातल्या जुन्या चर्चांचे उभे छेद होते, म्हणजे कलिंगड मधोमध कापावं तशी इमारत कापून आतलं दाखवलेलं. जेवणाच्या सुट्टीत अप्पा ते छेद उतरवून काढत. उंच खांब, त्यांतून फुटणाऱ्या दगडी फासळ्या, वर जाऊन एकमेकींना टेकलेल्या, आणि त्यांच्यावर अख्खं दगडी छत. खाली ना तुळई, ना लोखंड. "कागदावर मला हे समजतं," ते म्हणत, "पण एकदा त्याच्याखाली उभं राहून मान वर करायची आहे." दादाला जर्मनीत कलोनजवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि त्याने आम्हा दोघांना बोलावलं. मी शाळेत शिकवते. सुट्टी लागली तशी अप्पांच्या सोबतीला निघाले.

बोट लागायची ती मला लागली. अप्पांना काही झालं नाही. ते डेकवर खुर्ची टाकून माझ्या वाटचं आइस्क्रीमही खात. जिनोआला उतरून आगगाडीने आम्ही मिलानला आलो.

मिलानच्या चौकात पाऊल टाकलं आणि दोघेही जागीच थांबलो. पांढऱ्या संगमरवराचं ते प्रचंड चर्च उन्हात डोळ्यांत मावत नव्हतं. कळसच कळस, आणि कळसाकळसावर एकेक संत उभा. शेकडो वर्षं बांधतच होते म्हणे. "याचे नकाशे काढणाऱ्यांचे डोळे गेले असतील," अप्पा म्हणाले.

दारात मी डोक्यावरून पदर घेतला. तिथे बायकांनी डोकं झाकायचं असतं. दारावरच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पसंतीने पाहिलं. अप्पांना मात्र त्याने हात आडवा केला आणि स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून म्हणाला, "कापेल्लो" (टोपी). पुरुषांनी डोकं उघडं करायचं.

अप्पांचा हात काळ्या टोपीपर्यंत गेला आणि खाली आला. "कुसुम, तू जाऊन ये."

"अहो अप्पा, टोपीच काढायचीय ना? डोकं नाही मागत तो."

"देवासमोर बोडक्याने जाऊ? बोडक्या डोक्याने मी फक्त माझ्या वडिलांना पोचवायला गेलोय आणि तुझ्या आईला. आणखी कुठे नाही."

खरं तर मला आधीच लक्षात यायला हवं होतं. कचेरीतल्या डिसोझांच्या मुलीच्या लग्नातही अप्पा अंधेरीच्या चर्चबाहेर आंब्याखाली उभे राहिले होते आणि नवराबायको बाहेर आल्यावर आहेर देऊन आले होते. त्यात परधर्माची अढी नव्हती. देव सगळीकडे सारखाच, म्हणून तर टोपी, असं त्यांचं साधं गणित. पण समुद्र ओलांडून आलेला माणूस उंबऱ्यावरून परततो याचा मला इतका राग आला की मी तरातरा आत गेले.

आत संध्याकाळ असावी तसा अंधार होता. रंगीत काचांतून उजेडाचे तुकडे फरशीवर पडले होते. मी मान वर केली आणि राग विसरले. त्या छताचा अंत लागत नव्हता. बाहेर आले तर अप्पांची परीक्षा तयार.

"खांबांच्या ओळी किती?"

"चार."

"फासळ्या थेट खांबातून निघतात की मधे काही आहे?"

"अंधार होता हो."

"अगं, मग बघितलंस काय तू?"

परत आत गेले. खांबांच्या माथ्यावर कोनाडे आणि कोनाड्यांत पुतळे आहेत, असं सांगितलं. "पुतळे? पुस्तकात नव्हते," अप्पा म्हणाले आणि खिडकीत काय आहे ते बघायला मला पुन्हा पिटाळलं. दारावरचा म्हातारा आता मला घरचीच समजू लागला होता. दुपारी खानावळीत रिझोत्तो (केशर घातलेला आसट भात) आला. रंग बघून अप्पा हरखले आणि पहिल्या घासाला थबकले. केशरी भातात चीज घालणाऱ्यांना असली छतं कशी जमली, हे कोडं त्यांना कलोनपर्यंत सुटलं नाही.

वाटेत स्ट्रासबुर्गला थांबलो. तिथलं चर्च जांभ्या दगडाच्या रंगाचं, अगदी कोकणातलं वाटावं असं, आणि त्याला एकच मनोरा. दुसरा बांधायचा राहून गेला तो गेलाच. मनोऱ्याचा जिना बाहेरूनच होता. अप्पा धापा टाकत गच्चीपर्यंत चढले, टोपी सावरत. वरच्या रखवालदाराने विचारलं, कुठून आलात? "मुलुंड," अप्पा म्हणाले. त्याने समजल्यासारखी मान हलवली. अप्पांनी दगडावरून हात फिरवला आणि खाली उतरले. आतलं नावाजलेलं मोठं घड्याळ मी एकटीने पाहिलं, आणि त्याचं मला काही सुख वाटलं नाही.

कलोनला दादा स्टेशनवर आला होता. स्टेशनाबाहेर पडताच समोर डोम (तिथलं मुख्य चर्च), धुराने काळवंडलेला, आभाळात घुसलेला. याचं काम शतकानुशतके अर्धवट पडून होतं, हे ऐकून अप्पा म्हणाले, "आणि लोक आमच्या खात्याला नावं ठेवतात." ते रोज डोमला बाहेरून प्रदक्षिणा घालत. दादाने मिनतवाऱ्या केल्या. "अप्पा, इथे कोण बघतंय तुम्हाला?"

"कोण म्हणजे? ज्याचं घर आहे तो."

"परत काही तुमचं येणं होणार नाही, अप्पा."

"नाही होणार," अप्पा म्हणाले. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. दादाच्या घरमालकिणीने उकडलेले बटाटे आणि आम्ही नेलेलं मेतकूट तसंच राहिलं. बोटीची तारीख जवळ आली होती. मला रडू येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

शेवटच्या रविवारी दादा आम्हाला नदीकाठी फिरायला घेऊन निघाला. युद्ध संपून बारा-तेरा वर्षं झाली होती, तरी अधूनमधून रिकामे प्लॉट दिसत. एका गल्लीत एक जुनं, लहान चर्च लागलं. भिंती उभ्या, दाराची चौकट उभी, छत नाही. बॉम्बने गेलं होतं. आत गवत वाढलेलं, आणि एक म्हातारी बाई कुंडीतल्या झाडांना पाणी घालत होती.

अप्पा चौकटीशी थांबले. "तिला विचार, टोपी घालून आलं तर चालेल का?"

दादाने जर्मनमध्ये विचारलं. बाई काही तरी बोलली. दादा आमच्याकडे वळून म्हणाला, "ती म्हणते, छप्परच नाही. पाऊस येतो, कबुतरं येतात. तुम्हीही या."

अप्पा आत गेले. खांबांचे माथे फुटलेले होते. प्रत्येकातून फासळ्यांची सुरुवात निघाली होती आणि हातभर जाऊन संपली होती. त्यांनी जन्मभर कागदावर काढलेला छेद तिथे उघडा पडला होता. त्यांनी एका खांबाला तळहात लावला, मान वर केली. वर नुसतं आभाळ होतं. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरली.

आई गेली त्या दिवसानंतर त्यांचं उघडं डोकं मी चारचौघांत पाहिलं नव्हतं. बाईने पाण्याची झारी खाली ठेवली आणि ती अप्पांच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता.

गल्लीत आल्यावर अप्पांनी टोपी नीट बसवली. दादा आनंदून म्हणाला, "आता काढलीत ना अप्पा? मग चला डोममध्ये, आत्ताच जाऊ."

"ते वेगळं," अप्पा म्हणाले आणि चालू लागले. डोम त्यांनी शेवटपर्यंत बाहेरूनच पाहिला.

परत आल्यावर मला पुष्कळांनी विचारलं की एवढ्या लांब जाऊन वडिलांना छत बघता आलं नाही, याची हळहळ नाही का वाटत? वाटते. जहाजावर वाटली, अजूनही वाटते. मी ती छतं डोळे भरून पाहिली, आणि त्यांच्यावर माझ्याहून कितीतरी जास्त प्रेम करणारा माणूस बाहेर उन्हात उभा राहिला. पण कुणाच्या घरी कुठल्या वेळी कसं जावं, हे मला त्या चर्चांपेक्षा अप्पांकडूनच जास्त कळलं.

आलो त्याच संध्याकाळी सामंत आले. चहा झाला, आणि त्यांनी खास मालवणीत प्रश्न टाकला. "काय हो अप्पा, ती मोठी चर्चां भितूर कशी असतत?"

"ते कुसुमला विचारा," अप्पा म्हणाले. "मी कुठेच आत गेलो नाही. एका ठिकाणी तेवढा गेलो होतो, समाचाराला."

"अरे अरे. कोण गेलो?"

अप्पांनी कपबशी बाजूला ठेवली. सामंतांना वाटलं, दादाच्या ओळखीतलं कुणी असेल. ते हळहळले, आणि अप्पांनी मान डोलावली.