ठकूबाईच्या घरची सायन्सवाली

पोलादपुरात एस.टी. स्टँडमागच्या आळीत ठकूबाई राहायची. नवरा लवकर गेला, एकुलता सुनील मुंबईत कंपनीत. सत्त्याण्णव साली तिचा भाऊ भागोजी कुडपणाहून लेकीला घेऊन दारात उभा राहिला. नूतन दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि महाडला अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला होता. कुडपणाहून रोज महाड गाठणं म्हणजे डोंगराशी कुस्ती.

"तुज्याकडं राह्यली तर शिकंल," भागोजी म्हणाला.

"मग ठेव की. इचारतोस काय?"

भावाची लेक सून करून आणायची, ही तिकडची जुनी रीत. ठकूबाईनं ते मनात धरलं. बोलली मात्र नाही.

पहाटे भाकरी बांधून ती पोरीला गाडीत बसवायची. प्रॅक्टिकलच्या दिवशी नूतन दिवेलागणीला परतायची.

"आज काय केलंस गो?"

"बेडूक फाडला, आत्ये."

"आमी जन्मभर खेकडं फोडलं, आमाला कोन सायन्सवाली म्हनत नाय," म्हणत ठकूबाई तिच्या हातावर पाणी ओतायची. नळावर मात्र बायकांना सांगायची, "आमची नूतन डाक्टरीन व्हनार."

बारावीच्या जानेवारीत सुनील सुट्टीवर येऊन गेला. त्या संध्याकाळी ठकूबाई म्हणाली, "माघात सुपारी फोडू. सुनीलची आन् तुजी."

नूतननं पुस्तक मिटलं. "सुनीलदादाला मी राखी बांधते, आत्ये."

"रीतच हाय ती."

"मला शिकायचंय."

"मग माज्या चुलीवर कुनासाठी शिकलीस? नाय म्हनायचं तर पेटी उचल."

पोरीनं पेटी उचलली. रडली नाही, याचाच ठकूबाईला जास्त राग आला.

राग चार दिवसांत निवला. मान तेवढी वाकेना. परीक्षा शिमग्याच्या आसपास असते, हे तिला ठाऊक होतं. सुनीलची दहावी तेव्हाच झाली होती. अजून वेळ आहे, पोर आपणहून येईल, असं म्हणत तिनं दिवस ढकलले. शिमगा पंधरवड्यावर आला तेव्हा तीच कुडपणाला चढली.

नूतन गोठ्यात शेण काढत होती.

"चल गो. चुकलं माजं. पेपर हायत ना तुजे?"

"सायन्सला प्रॅक्टिकलची परीक्षा आधी असते, आत्ये. झाली ती."

"आन् तू?"

"अंधारात निघाले होते. महाडला पोचले तवर माझी बॅच बाहेर पडत होती. प्रॅक्टिकलला गैरहजर म्हणजे नापास."

ठकूबाई गव्हाणीला टेकली. "माज्या दारावरनंच गेलीस की गो."

"हो. चुलीचा धूर दिसला."

"हाक मारायची. आदल्या राती येऊन ऱ्हायली असतीस तर..."

"कुठल्या तोंडानं येणार होते?"

अंगणातून भागोजी म्हणाला, "आक्के, झालं ते झालं. वरंधचं स्थळ हाय. पुन्ना बसवायची ताकद माज्यात नाय."

ठकूबाई त्याच्या पाया पडायला वाकली. धाकट्या भावाच्या. त्यानं तिला धरलं. शब्द मात्र मागं घेतला नाही.

वैशाखात लग्न झालं. मांडवात आत्याच्या मानाची साडी पुढं केली, ती तिनं घेतली नाही. नूतन नमस्काराला आली. ठकूबाईनं तिचे मेंदी लावलेले हात आपल्या हातात धरले आणि बायका "सोड गं आता" म्हणेपर्यंत धरूनच ठेवले.