नापास होईस्तोवर

ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईला मराठीबद्दल कुणी काही विचारत नाही. सायन्सवाले तर नाहीच नाही. पण ॲडमिशनच्या टेबलावर बसायला, सुपरव्हिजनला आणि निकालाच्या मीटिंगचा वृत्तांत लिहायला बाई लागतातच! वर “तुमचं अक्षर चांगलं आहे हो!” हे आहेच. त्यामुळे अकरावीला कोण कशापायी आलं, बारावीत कोण गेलं आणि कोण उंबऱ्यातच राहिलं, याचे किस्से माझ्याकडे आपोआप साठत गेले. आता रिटायर होऊन घरी बसले, तरी चार जण जमले की कुणीतरी म्हणतंच, “बाई, तो सांगा ना, बसवाला!” मी सांगते. हसवायलाच सुरुवात करते. पुष्कळदा अर्ध्यात माझंच हसू आटतं, तो भाग वेगळा.

*

तर बसवाला. आपलं संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं आणि आमचं कॉलेज शहराच्या पार कडेला. ॲडमिशनच्या टेबलावर मी आणि आमचे क्लार्क रफिकभाई. बिडकीनच्याही पलीकडून एक पोरगा आला. मार्कलिस्ट बघून रफिकभाईंनी मला कोपर मारलं. विज्ञानात असे मार्क आमच्या कॉलेजात दुर्मीळ! आणि पोरगा म्हणतो, “आर्ट्स.”

“अरे, सायन्स घे की!”

“नको बाई. सायन्सचं प्रॅक्टिकल सांजच्याला सुटतं. आमच्याकडची शेवटची गाडी तवर निघून जाती.”

“मग होस्टेलला राहा.”

“म्हशी कोन पिळील? बाप अंथरुणाला खिळलाय.”

रफिकभाईंनी परोपरीनं समजावलं. “बेटा, जिंदगी का सवाल है, बस का नहीं!” पोरगा शांतपणे म्हणाला, “इतिहासाला गाडी मिळती, बाई!”

स्टाफरूममध्ये हे वाक्य वर्षभर चाललं. कुणाचा तास लांबला की म्हणायचं, “इतिहासाला गाडी मिळती!” पण तो पोरगा दुपारी सुटला, की गाडीची वेळ होईपर्यंत केमिस्ट्रीच्या लॅबच्या खिडकीशी उभा राहायचा. आत पोरं परीक्षानळ्या हलवत असायची आणि हा बाहेरून बघायचा. प्यून त्याला हाकलायला गेला, तेव्हा मीच प्यूनला दुसऱ्या कामाला लावलं. वाईट वाटायचं, दुसरं काय!

*

त्याच टेबलावरचा दुसरा किस्सा. पडेगावचे दगडूबा पठाडे पोरीला घेऊन आले. वाळूजला एका फौंड्रीत कामाला होते. पाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरले, ते तडक कॉलेजात. पोरीचं नाव मंगल. दोन वेण्या, मार्कलिस्ट छातीशी घट्ट धरलेली.

“बाई, तुमच्याकडं सगळ्यात अवघड काय हाय?”

मला वाटलं, बाप हौशी दिसतोय. म्हटलं, “सायन्स. त्यातही गणित.”

“त्येच द्या. आजून काही अवघड आसंल तर त्ये बी लावा!”

रफिकभाई खूश झाले. “क्या मामा, बच्ची को इंजिनियर बनाना क्या?”

“नाय हो. नापास करायचीय!”

माझा पेन हवेतच राहिला. मग दगडूबांनी टेबलाला टेकून सगळं सांगितलं. बायको गेली, तेव्हा त्यांनी तिला शब्द दिला होता. पोरगी नापास होईस्तोवर तिची शाळा बंद करायची नाही आणि लग्नाचं नाव काढायचं नाही. तेव्हा त्यांना वाटलं होतं, जाईल फार तर सातवीपर्यंत. पण पोरगी नापासच होईना!

“स्थळं येत्यात अन् वापस जात्यात. भावकी हसती. म्या म्हन्तो, नापास होऊ द्या, मंग या. शब्द मोडता येत नाय, अन् ही पोरगी ऐकंना!”

मंगल खाली मान घालून हसत होती. बापही हसत होता. पोरीचा अभिमान आणि पोरीचा घोर एकाच चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. लिहिलं मी, सायन्स, गणित ग्रुप.

*

आता गणिताचे पाथ्रीकर सर कोण, हे सांगायलाच हवं. बारावीला बोर्ड असतं, पण अकरावीचा निकाल कॉलेजच्याच हातात. प्रत्येक विषयात पास व्हायचं, तरच बारावी. दोन-चार मार्कांनी कुणी राहिलं, तर मीटिंगमध्ये ग्रेस देऊन ‘उचलायचं’, अशी सगळीकडचीच रीत. पाथ्रीकर सर कुणाला उचलत नसत. अर्ध्या मार्कानंसुद्धा नाही!

एकदा एका पुढाऱ्याचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. पांढरे कपडे, बोटात अंगठ्या, मागे नापास झालेला भाचा. सरांनी चष्मा लावला, चिठ्ठी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, नीट घडी घातली आणि परत दिली.

“भाषा उत्तम आहे. मराठीच्या बाईंना दाखवा. पण यात गणित कुठं आहे?”

तो माणूस मला म्हणाला, “बाई, ह्ये सर मानूस हाय का काय?” मला तरी कुठं ठाऊक होतं!

*

पुढे एकदा चहाच्या वेळी मी त्यांना सरळच विचारलं. “सर, दोन मार्कांनी तुमचं काय जातं हो?”

“माझं काही जात नाही, बाई. मी स्वतः ढकललेला आहे.”

ते लहान असताना निजामाचं राज्य होतं आणि शाळा उर्दूतून. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. त्यांच्या गावची शाळा कितीतरी दिवस बंदच राहिली. उघडली, तेव्हा सगळ्या पोरांना सरसकट वरच्या वर्गात घातलं. तिथं फळ्यावर मराठी!

“वर्षभर रडलो. खालची पायरी कुणी बांधलीच नव्हती. वर ढकललेलं पोरगं पडतंच, बाई. फक्त जरा पुढं जाऊन पडतं.”

रफिकभाई म्हणाले, “लेकिन सर, मार्कों की जोड तो आप आज भी उर्दू में करते!” आणि ते खरं होतं. सर बेरीज करताना ओठांतल्या ओठांत उर्दूच पुटपुटायचे. आम्ही हसलो. सर हसले नाहीत.

“माझ्या बाकावर हमीद बसायचा. मला हिसाब त्यानंच शिकवला. शाळा उघडली, तेव्हा तो आलाच नाही. कुठं गेले त्याच्या घरचे, कुणी सांगेना. मी अजून विचार करतो, त्याला कुठल्या वर्गात घातलं असेल?”

चहा निवून गेला. त्यानंतर मी त्यांना ग्रेसबद्दल कधी काही विचारलं नाही.

*

सहामाहीचा निकाल लागला आणि गणितात पहिली कोण, तर मंगल! पाथ्रीकर सर कुणाचं कौतुक करणाऱ्यातले नव्हेत, पण तिची वही अख्ख्या स्टाफरूमला दाखवत फिरले. ही पोरगी इंजिनिअरिंगला लागणार, असं त्यांनी तिला सांगूनही टाकलं होतं. तिलाही तेच हवं होतं. मधल्या सुट्टीत पोरी भेळ खायला जायच्या आणि ही सरांच्या टेबलाशी उभी राहून गणितं सोडवायची.

दगडूबा निकाल बघायला आले. सर म्हणाले, “मामा, तुमची लेक वर्गात पहिली!”

दगडूबांनी सरांकडे निरखून बघितलं. “येवढंच व्हय तुमचं अवघड?”

मी पदर तोंडाला लावला. सरांनासुद्धा हसू आलं! पण दगडूबा हसता हसता खोकायला लागले, आणि तो खोकला काही थांबेना. जूनमध्ये बघितलेला माणूस निम्मा झाला होता. डॉक्टरांनी फौंड्री सोडायला सांगितलं होतं. छातीत काहीतरी भरलंय म्हणाले.

“माझं काही खरं नाय, सर. पोरीचे हात पिवळे झालेले बघितले, की मी मोकळा. मागं तिला कोन हाय?”

सर म्हणाले, “मग शब्दाचं एवढं काय घेऊन बसलात? परिस्थिती बदलली.”

“जित्या मान्साला दिलेला शब्द आसता, तर हात जोडून माघारी घेतला आसता. मेलेल्या मान्सापाशी कुठं जाऊ?”

मंगल दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि बापाला प्यायला पाणी आणून दिलं.

*

वार्षिक परीक्षा झाली. सायन्सचे पेपर आधी आणि मराठीचा शेवटी. गठ्ठा तपासताना मंगलचा पेपर आला. पहिल्या पानावर नाव, नंबर. आतल्या प्रत्येक पानावर पट्टीनं समास आखलेला. बाकी सगळा कोरा.

मी तिला बोलावून घेतलं.

“बरं नव्हतं का गं?”

“बरी व्हते, बाई.”

“आठवलं नाही?”

“आठवलं की.”

“मग?”

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, “गनिताचाच कोरा ठिवायचा, आसं ठरवून आले व्हते, बाई. हात राहिना.”

मी म्हटलं, जूनमध्ये फेरपरीक्षा असते, तिला ये. ती हो म्हणाली. नमस्कार करायला वाकली, तेव्हाच मी ओळखलं, की ही येणार नाही.

मीटिंगला नावं वाचत वाचत प्राचार्य मंगलपाशी आले. “मराठीत शून्य. अनुत्तीर्ण.” तोच पाथ्रीकर सर उठून उभे राहिले. अख्खी मीटिंग त्यांच्याकडे बघायला लागली.

“बाई, उचला तिला.”

“सर, कोऱ्या पानावरून काय उचलू?”

“माझ्या गणितातले काढून घ्या! तिला नकोत एवढे.”

कुणी हसलं नाही. नियम सगळ्यांनाच पाठ होता. ग्रेस थोडक्यात हुकलेल्याला देतात, कोऱ्या पेपराला नाही. प्राचार्यांनी हळूच पुढचं नाव वाचलं. मी वृत्तांतात लिहिलं, सर्वानुमते. घरी येऊन पोळ्या लाटताना रडले. नवऱ्यानं विचारलं, तर म्हटलं, धूर झालाय. घरात गॅस होता!

पाथ्रीकर सर फेरपरीक्षेचं सांगायला स्वतः सायकल मारत पडेगावला गेले. चहा पिऊन परत आले. काय बोलणं झालं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. जूनमध्ये तिचं बाक रिकामं होतं.

*

आणि मग नव्या ॲडमिशनच्या गर्दीत दगडूबा आले. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात पत्रिका आणि पेढ्यांचा पुडा. खोकला होताच, पण चेहरा उजळला होता. स्टाफरूममध्ये मी आणि पाथ्रीकर सर. पत्रिकेवर हळद-कुंकू लावून दगडूबांनी ती आधी सरांच्या हातात दिली.

“यायचं बरं का, सर. पोरगं चांगलं हाय. बाई, तुम्ही बी या. पोरगी म्हनली, बाईला पयली पत्रिका द्या. म्या म्हनलं, पयली सरांना.”

सर पत्रिका बघत राहिले.

“शब्द मोडला नाय माझा,” दगडूबा म्हणाले. “तिच्या मायला वर जाऊन तोंड दावायला मोकळा झालो. पेढा घ्या की, बाई.”

मी पेढा घेतला. तो तोंडात घालवेना.

दगडूबा जायला निघाले, दारापाशी थांबले, परत फिरले.

“येक इचारू का? राग नका धरू. गनितात पोरगी पयली. त्ये काय त्ये फिजिक्स, त्यात बी पास. अन् मराठीत गेली. आवो, आमी तर घरात मराठीच बोलतो! माय मेल्यापसून ही पोरगीच आख्ख्या गल्लीला पत्रं लिहून देती. मराठीत कशी काय नापास झाली वो?”

मी सरांकडे बघितलं. आयुष्यात अर्धा मार्क खोटा न दिलेला माणूस. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“पेपर फार अवघड काढला होता बाईंनी,” सर म्हणाले. “वर्गात कुणालाच जमला नाही.”

दगडूबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

“तरीच!” त्यांचा जीव भांड्यात पडला. टोपी सारखी करून ते मला हात जोडत म्हणाले, “बाई, पुढच्या पोरींना तेवढा सोपा काढा.”