ग्रहणात राखलेला कॉम्प्युटर

लोणचं आणि कॉम्प्युटर यांची निगा एकाच रीतीने राखायची असते, असं माझं एके काळी ठाम मत होतं.

मत बनवणारी मी तमिळ मुलखातल्या एका मराठी घरची चौथी पास सून. पण नियम काही माझे नव्हते, माझ्या धाकट्या दिरांचे होते. राघूभावजींनी (नाव राघवेंद्र, पण ते पुरतं घ्यायचं सासूबाई रागावल्या म्हणजेच) परदेशातून परतलेल्या कुणाकडून तरी एक जुना घरगुती कॉम्प्युटर आणला होता. दिसायला नुसता जाडजूड कीबोर्ड. सगळं यंत्र त्याच्याच पोटात, आणि अक्षरं उमटायला आमचा टीव्ही. मुळात तो मुलांना खेळ खेळायला केलेला. भावजींनी त्याच्यावर युनिक्सच्या जातीची एक प्रणाली चढवली, मोठ्या कचेऱ्यांतल्या कपाटाएवढ्या यंत्रांवर असते तशी. ("बैलगाडीला आगगाडीचं इंजिन," असं हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान.) तिची खुबी मला एवढीच कळली, की एकाच यंत्रावर दोन माणसं एकाच वेळी आपापलं काम करू शकतात.

ती अख्खी प्रणाली एका चपट्या फ्लॉपीत मावली होती. तिच्याबद्दल भावजींनी मला बजावलं, "वैनी, ओला हात लावूं नका. उन्हात ठेवूं नका. धूळ नको. एकदां बिघडली की गेली!"

मी मान हलवली. यात नवं काय होतं? कैरीच्या लोणच्याला मी दरवर्षी हेच तर करत होते!

हसण्यासारखा प्रसंग मात्र तो नव्हता. भावजींना नोकरी नव्हती. मद्रासेत मामांनी एक कारकुनी पाहून ठेवली होती, आणि धाकटा घर सोडून जाणार म्हणून सासूबाईंचा घास गळ्याखाली उतरत नव्हता. अशात दारासुरमचे एक मुदलाळी, म्हणजे रेशमी साड्यांच्या मागांचे मालक, म्हणाले, "दोघं जण एका यंत्रावर बसून काम करतात ते मला दाखव. खरं निघालं तर माझ्याकडचं हिशेबाचं काम तुझं." ते शुक्रवारी येणार होते.

आणि गुरुवारी सूर्यग्रहण!

हे आणि भावजी कावेरीवर स्नानाला गेले. सासूबाईंनी दर्भाची जुडी माझ्या हातात दिली. "लोणचं, पापड, दूध, ताक, जें म्हणून जपून ठेवायचं त्यांत एकेक दर्भ घाल, म्हणजे ग्रहण बाधायचं नाही. कांही विसरूं नको हो."

मी काही विसरले नाही. तिथेच सगळं चुकलं. सगळ्या बरण्या झाल्यावर मी उभी राहून विचार केला, या घरात सगळ्यात जपलेली वस्तू कोणती? ती तर टीव्हीखाली उघडी पडली होती! डब्यात एक फ्लॉपी होती, तिच्यावर मी दर्भ नुसता ठेवला. दुसरी यंत्राच्या बाजूच्या फटीत बसलेली. तिला बाहेर काढायची माझी छाती झाली नाही, म्हणून दर्भच आत सरकवला. छान गेला. जरा जास्तच छान गेला. ग्रहण सुटल्यावर ओढला, तर अर्धाच हातात आला.

उरलेलं पुण्य आत राहिलं, बिघडलं कुठे, असं म्हणून मी स्नानाला गेले.

शुक्रवारी मुदलाळी पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे लुंगीवजा धोतर, सावरत खुर्चीवर बसले. भावजींनी बटण दाबलं. यंत्रातून आवाज आला, कर्रर्र! टीव्ही काळाच.

"काय जाहलं रे?" सासूबाई म्हणाल्या.

"डिस्क वाचत नाही, अम्मा. परवां चाललं होतं. काल ग्रहण म्हणून लावलंच नाही."

"ग्रहणमा?" म्हणत मुदलाळींनी खुर्ची हळूच मागे घेतली.

हे सासूबाईंना झोंबलं. "ग्रहणाचं नांव काढूं नका! माझ्या सुनेनं दर्भ घातला होता. शास्त्राला चुकणारी नाही ती!"

लग्न झाल्यापासून माझी ही पहिली स्तुती. तिनेही दिवस पाहून यावं ना!

भावजी सावकाश वळले. "कुठें घातला?"

मी दाराआड होते. परक्या पुरुषासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. दाराबाहेर फक्त माझं बोट आलं, आणि त्या बोटाने फट दाखवली.

"आंत?" भावजी.

"आंतच!" सासूबाई, मोठ्या अभिमानाने.

भावजींनी स्क्रू सोडवून झाकण काढलं. चिमट्याने दर्भ ओढला. दर्भाला काही झालं नव्हतं. फ्लॉपीवर मात्र मांजराने ओरबाडल्यासारखी रेघ! भावजींनी ती उजेडाला धरून पाहिली. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मला मद्रासेची गाडी सुटलेली ऐकू येत होती.

मग त्यांनी डब्यातली दुसरी फ्लॉपी काढली. ती पहिलीचीच नक्कल होती. घातली. टीव्हीवर अक्षरांच्या ओळी सरसर धावल्या आणि शेवटी दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची ती खूण उमटली. यंत्र तयार असलं की ती येते, एवढं मलाही ठाऊक होतं. भावजी इकडे बसले. कुणाकडून तरी उसना आणून यंत्राला जोडलेल्या दुसऱ्या पडद्या-कीबोर्डावर मुदलाळी एका बोटाने आपलं नाव टिपत बसले. कुणी कुणाला अडवलं नाही.

"तंबी, सोमवारपासून ये," मुदलाळी भावजींना म्हणाले. (तंबी म्हणजे धाकटा भाऊ.) निघताना त्यांनी सासूबाईंना विचारलं, "घरांत सुना किती?"

"एकच."

"पोदुम्," ते म्हणाले. पुरे!

सासूबाई त्या दिवशी दोन्ही वेळा पोटभर जेवल्या. वर मला म्हणाल्या, "पाहिलंस? दर्भ होता म्हणून वाचलं." (नासलेल्या फ्लॉपीतही दर्भच होता, हे सांगण्याइतकी मी शिकलेली नाही.)

पहिला पगार झाल्यावर भावजींनी हौसेने घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं त्या यंत्रात एकेक खातं उघडलं. सासूबाईंना सगळीकडे जायची आणि वाटेल ते पुसून टाकायची मुभा. यांना लिहायची मुभा. माझ्या खात्याशी येऊन ते थांबले आणि संकोचून म्हणाले, "वैनी, तुम्हाला सगळं पाहतां येईल. पण कशालाही हात लावतां येणार नाही. राग नाही ना?"

राग कसला? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्याच खात्यावर आहे. पण हे मी मोठ्याने म्हटलं नाही. मोठ्याने म्हणायची मुभा त्या खात्यात नव्हती.