दुसऱ्या पाण्याची नन्नारी

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मागच्या दारी नन्नारीची मुळं ठेचत बसलो होतो. ज्यांना नन्नारी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुतळीसारखं बारीक मूळ असतं, वरून तपकिरी, आत पांढरी टणक काडी. बत्त्यानं हलकं ठेचलं की साल सुटते. काडी फेकून द्यायची, सालीवर कढत पाणी ओतायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवायचं, मग गाळून साखर घालून पाक करायचा. तो चमचाभर गार पाण्यात, वर लिंबू... मद्रासचा उन्हाळा लोक ह्याच्यावर काढतात. आमच्याकडे ठेचायचं काम माझं आणि काड्या वेचायचं अंबुजाचं. "अहो, मुळं ठेचायची आहेत. तो कारखान्यातला घण नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "मग तू ठेच." त्यावर ती म्हणाली, "मी ठेचलं तर तुम्ही बसून काय करणार? माझ्या चुका काढणार." रोजच्यासारखंच चाललं होतं. त्यात शेवटचं म्हणावं असं काहीही नव्हतं. तिनं पाणी ओतलं, झाकण ठेवलं, मांजर येतं म्हणून झाकणावर बत्ता ठेवला. मग आम्ही रसमभात खाल्ला आणि ती आडवी झाली. चहाच्या वेळी मी हाक मारली. ओ आली नाही. झोपेतच गेली होती... डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसणार. डॉक्टरला काय माहीत, तो तिथं नव्हता. पण मीही चार हातांवर असून नव्हतो, म्हणून त्याचं खरं धरून चालतो. रात्री उशिरापर्यंत सगळं उरकलं. ह्याला आता महिना उलटून गेला.

ती नन्नारी घरासाठी नव्हती. बारसाठी होती. हो, दारूच्या बारसाठी. आमची एकुलती एक मुलगी मीना शहरातल्या एका हॉटेलात बारमागं उभी राहून लोकांना दारूची मिश्रणं करून देते, आणि तिथल्या एका ग्लासात अंबुजाची नन्नारी पडते. बारचं नवीन कार्ड छापायला जायचं होतं. मॅनेजरनं मीनाला साफ सांगितलं होतं, घरची नन्नारी कधी दाट येते, कधी पातळ. शुक्रवारी येणारा माल बरोबर आला तर तुझं ड्रिंक कार्डावर राहील, नाहीतर दुकानातली बाटली आणू. ते ऐकून अंबुजा भडकली होती. "मी काय नळ आहे, रोज सारखंच यायला?" असं म्हणाली खरी, पण बाजारात स्वतः गेली आणि एकेक मूळ वाकवून, मोडून, हुंगून घेऊन आली. तिला ते ड्रिंक कार्डावर हवंच होतं. का हवं होतं, ते पुढं येईल.

मी साताऱ्याकडचा. सातवीपर्यंत शिकलो आणि मद्रासजवळच्या आवडी गावी रणगाड्यांच्या सरकारी कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. तमिळ येत नव्हतं, म्हणून कुणाशी बोलत नव्हतो. एक दिवस आमचे फोरमन श्रीनिवासराव मागून येऊन मराठीत ओरडले, तेव्हा मला शिवीसुद्धा गोड लागली. त्यांचे पूर्वज कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी तंजावरला गेले आणि तिथलेच झाले. त्यांनी मला घरी जेवायला नेलं. पुढं त्यांचीच धाकटी बहीण मला दिली. फोरमनचे ते माझे अण्णा झाले. अंबुजाची मराठी मला अर्धीच कळायची. जुनी, मधेमधे तमिळ, आणि चाल अशी की रागावली आहे की लाडात आहे ते समजायचं नाही. तिला माझी मराठी भांडखोर वाटायची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिनं मला नन्नारी आणायला पाठवलं. दुकानात दोन टोपल्या होत्या. वास दोन्हींचा एकच. एकीत सुतळीसारखी मुळं, दुसरीत बोटाएवढी जाड. मी म्हटलं, जाड म्हणजे कसदार. गावाकडे ऊस असाच निवडतात. पिशवी भरून आणली. तिनं ती उघडली आणि खाली बसून हसायला लागली. ती नन्नारी नव्हती, मागाळी होती. इथले लोक तिचं ताकात लोणचं घालतात आणि त्याला ढेकणाचा वास येतो. मी सांगितलं, फेकून दे. ती म्हणाली, "घरात आलेलं फेकायचं नाही," आणि बरणीभर लोणचं घातलं. ते वर्षभर माझ्या ताटात होतं. पाहुणा आला की सांगायची, "हे घ्या, ह्यांनी आणलेलं सरबत." नंतर मला ते लोणचं आवडायला लागलं, ती गोष्ट वेगळी.

टाकायचं नाही हा तिचा कायदाच होता, आणि भिजत घातलेलं तर मुळीच नाही. ज्या पावसाळ्यात आवडीत घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा मी टीव्ही उचलून गच्चीवर पळालो. मागून ही गुडघाभर पाण्यातून डोक्यावर पातेलं घेऊन आली. मला वाटलं दागिने असतील. इडलीचं पीठ होतं. मी ओरडलो, "अगं, घर बुडतंय आणि तू पीठ काय आणतेस?" ती म्हणाली, "तांदूळ मी भिजत घातले ना? मग ते माझ्या भरवशावर आहेत." दुसऱ्या दिवशी पीठ छान फुगलं होतं. शेजाऱ्यांचा गॅस गच्चीवर आणलेला होता, त्यावर तिनं सगळ्या गल्लीला इडल्या घातल्या. टीव्ही मात्र पुढं चाललाच नाही. ते तिनं मला किती वेळा ऐकवलं, ते विचारू नका.

मीना हॉटेलचं शिकली. आधी वाटलं, रिसेप्शनवर बसेल. मग कळलं, बारमध्ये. मी म्हटलं, माझी पोरगी दारू वाढणार नाही. अंबुजा भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही जन्मभर रणगाड्यांचे नट आवळलेत. मी कधी विचारलं, ते कुणावर चालणार म्हणून?" मला ते काम तेव्हा आवडलं नाही आणि आजही पूर्ण आवडत नाही, लपवून काय उपयोग. पण पोरगी स्वतःच्या पायावर उभी आहे आणि पाय जमिनीवर आहेत.

एकदा मीनानं आम्हाला बार बघायला बोलावलं. दुपारी, उघडायच्या आधी. अंबुजानं कांजीवरम नेसली, केसांत मोगरा माळला, जशी देवळात चालली आहे. उंच स्टुलावर चढताना माझा खांदा धरला आणि पाय खाली लोंबायला लागल्यावर म्हणाली, "ही काय न्हाव्याची खुर्ची?" मीनानं बर्फाची लादी काढून सुरीनं तिचा चौकोनी खडा तासला. छोट्या मापानं रम मोजली, लिंबू पिळलं, नन्नारी ओतली, सगळं स्टीलच्या डब्यात घालून दोन्ही हातांनी खळखळ हलवलं. "खुळखुळा अजून सुटला नाही हिचा," अंबुजा माझ्या कानात बोलली. ग्लास समोर आला. ती पिणार नव्हतीच, नुसतं नाक नेलं, आणि लगेच मागं घेतलं. "पोदुम. पुरे. हा साबणाचा वास आहे."

"अम्मा, ती नन्नारी दुकानातली आहे," मीना म्हणाली.

"ते कळलंच. तुझ्या घरी आई नाही का?"

"मग दे की करून."

तिथून सुरू झालं. पहिलं पाणी बारला, असा तिचा नियम. सालीचा तोच चोथा ती पुन्हा भिजत घालायची. ते दुसरं पाणी फिकट, वास हलका, ते आम्हा दोघांचं. रोज दुपारी उन्हं कलली की एकेक पेला. मी कुरकुर करायचो, बाहेरच्यांना पहिलं आणि नवऱ्याला दुसरं. ती म्हणायची, "ते पैसे देतात. तुम्ही काय देता?"

ड्रिंकला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मीना म्हणाली, अम्मा, तुझंच देते, अंबुजा. हिनं कानांवर हात ठेवले. "अय्यय्यो, वेंडाम! नको! माझं नाव दारूला? ह्यांचं दे. ह्यांना बार नको होता ना? आता रोज तिथंच बसू देत." पोरीनं खरंच दिलं. कार्डावर छापलं गेलं, यशवंत. रम, नन्नारी, लिंबू, चिमूटभर मीठ, वर सोडा. मला हे कळलं तेव्हा छापून झालं होतं. त्यानंतर रोज दुपारी मीना उठली की हिचा फोन जायचा, "काल किती यशवंत गेले?" आणि आकडा ऐकून माझ्याकडे बघून म्हणायची, "एक मात्र अजून घरातच आहे." तिनं आयुष्यात कधी नोकरी केली नाही, कुठं तिचं नाव लागलं नाही. ते ड्रिंक विकलं जात होतं, लोक परत मागत होते, ह्याचा तिला केवढा अभिमान होता हे फक्त मला माहीत आहे. माझं नाव पुढं करून ती त्यामागं बसून मजा बघत होती. मी ते एकदाच प्यालो, माझ्या वाढदिवसाला. कारखान्यात दसऱ्याला कँटीनची रम प्यायलेला माणूस मी, मला ती रम अशी लागेल असं वाटलं नव्हतं. आधी मातीचा वास आला, मग लिंबू, आणि रम अगदी शेवटी, पाहुण्यासारखी दारात उभी. मी ग्लास खाली ठेवला तर ही म्हणते, "कसे आहात तुम्ही चवीला?"

तर ही त्या पातेल्याची गोष्ट. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. अण्णा आदल्या रात्रीपासून आमच्याकडेच होते, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. शेजारचे जेवण आणणार होते. ज्या घरात माणूस गेलं तिथं चूल पेटवत नाहीत, आमच्याकडेही नाही आणि त्यांच्याकडेही नाही. मीना ओट्यापाशी उभी होती. तिनं झाकणावरचा बत्ता बाजूला ठेवला होता, पातेलं दोन्ही हातांनी उचललं होतं आणि मागच्या दाराकडे निघाली होती.

"कुठं?" मी विचारलं.

"ओतून टाकते अप्पा. मी कळवलंय हॉटेलात. ते बाटली आणतील... कार्डावरून काढा म्हटलंय."

"ठेव खाली."

"अप्पा..."

"ठेव म्हटलं ना."

मी गॅसजवळची काडेपेटी उचलली. आवाज ऐकून अण्णा दारात आले. त्यांनी गॅसकडे बघितलं, माझ्या हातातल्या काडेपेटीकडे बघितलं. "भावोजी, सुतक आहे. सुतकातलं घराबाहेर कुणाला देत नाहीत."

मी म्हटलं, "अण्णा, हे काल सकाळी तिनं स्वतः भिजत घातलंय. सुतक नंतर लागलं. हे तिचं आहे आणि आता माझ्या भरवशावर आहे. मी हे टाकणार नाही."

अण्णांनी मला आयुष्यभर हुकूम दिले आहेत. त्यांना वाटलं असतं तर त्याही दिवशी दिला असता. त्यांनी पुढं येऊन पातेल्यावरचं झाकण उचललं आणि आत वाकून बघितलं. मग म्हणाले, "साखर किती घालायची, ते तरी माहीत आहे का?"

माहीत नव्हतं. मी आयुष्यभर ठेचलं होतं, पाक कधी केला नव्हता. पण ती कशी करायची ते बघितलं होतं. पाणी गाळलं, पातेलं गॅसवर ठेवलं, साखर ओतत गेलो आणि मीना पुरे म्हणाली तिथं थांबलो. उकळी फुटली तसा घरभर तो वास पसरला आणि मीना भिंतीला टेकून खाली बसली. मी तिला रडू दिलं, चमचा सोडला नाही. अंबुजा स्टीलच्या ताटलीवर थेंब टाकून ताटली वाकडी करायची. थेंब निम्म्यावर येऊन थांबला पाहिजे. माझा पहिला थेंब पाण्यासारखा पळाला. दुसराही. मीना डोळे पुसत म्हणाली, "अप्पा, चालेल एवढं, मी मॅनेजरला सांगते." मी म्हटलं, "मॅनेजर गेला खड्ड्यात. थेंब हिच्या ताटलीवर थांबला पाहिजे." आणि गॅसपाशी उभा राहिलो. अण्णा खुर्ची ओढून दारात बसले. शेवटी एक थेंब घरंगळत आला, निम्म्यावर अडखळला आणि राहिला. मी गॅस बंद केला, लिंबू पिळलं. मीनानं पर्समधून बारमधली नळी काढली, पाकात बुडवून वरच्या टोकाला बोट दाबलं, नळीत राहिलेला थेंब जिभेवर घेतला, डोळे मिटले. ती रोज ग्राहकाच्या ग्लासाची घेते तशी चव घेतली.

"हीच आहे," ती म्हणाली. "पाठवूया."

बाटल्या भरून झाल्यावर ती फोन लावायला बाहेर गेली. कार्डावरून काहीही काढू नका, असं ओरडून सांगत होती, ते मला आत ऐकू येत होतं. अण्णा खुर्चीतच डुलकी घेत होते. मी गाळणीतला चोथा पुन्हा पातेल्यात घातला. पाणी कढत केलं आणि त्यावर ओतलं. झाकण ठेवलं, झाकणावर बत्ता ठेवला. हे दुसरं पाणी, आमच्या घरचं. आता ते उद्यापर्यंत भिजत राहणार होतं, आणि उद्या सकाळी ते गाळायला मला उठावंच लागणार होतं.