खाली कोण राहतं?

कुठल्याही नव्या जागी गेले, की काका आधी उजवी टाच जमिनीवर आपटून बघायचे आणि मग विचारायचे, "खाली कोण राहतं?" मॉलमध्ये विचारायचे, लायब्ररीत विचारायचे. एकदा आमच्याबरोबर एका बारशाला आले, तर यजमानांनी "या, बसा" म्हणायच्या आत हाच प्रश्न. यजमान गोंधळून म्हणाले, "खाली आमचं वॉशिंग मशीन राहतं."

काकांच्या खाली मी राहत होते. अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधलं आमचं अपार्टमेंट लाकडी. तसल्या घरात राहिलेल्यांना सांगायला नकोच, वर कुणी लसूण ठेचला तरी खाली कळतं. वर काकांचा मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात ओवी. ओवीला चालणं ठाऊक नव्हतं, फक्त उड्या. माझ्या आधीच्या भाडेकरूने त्यावरून तक्रार केली होती आणि अपार्टमेंटच्या ऑफिसने बजावलं होतं, पुन्हा तक्रार आली तर घर सोडावं लागेल. त्या धास्तीने आईबापांनी पोरीला घरात चवड्यांवर चालायला शिकवलं.

तीन महिन्यांसाठी यवतमाळहून काका आले, तेव्हा नात दारातून त्यांच्याकडे मांजराच्या पावलांनी आली आणि कुजबुजली, "आजोबा, आय ॲम बीइंग क्वायट."

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दारात. "बेटा, मी हेडमास्तर होतो. पोरांना गप्प बसवण्यात जन्म गेला. पण स्वतःच्या घरात चोरासारखं चालणारं लेकरू नाही पाहिलं कधी."

"मारू दे की उड्या. मी कुठे तक्रार करतेय?"

"आज नाही करत. डोकं दुखलं की करशील. माणूस आहेस."

मला राग आला, पण त्यांचं खोटं नव्हतं. बाहेर गुडघाभर बर्फ, त्यामुळे बाग बंद. मग ठरलं, ओवीला डान्सच्या क्लासला घालायचं. तिचे आईबाबा दिवसभर कामावर. मी नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर, नोकरीची परवानगी नाही, म्हणजे डिग्री कपाटात आणि गाडीची किल्ली हातात. सारथ्य माझ्याकडे आलं.

पहिला क्लास बॅलेचा. पालकांनी काचेमागे बसायचं. काका काचेला नाक लावून उभे. ओवी आत गेली ती सवयीने चवड्यांवर, आणि टीचर हरखल्याच. बाहेर येऊन म्हणाल्या, "शी इज अ नॅचरल!" इतर मुलींना चवड्यांवर उभं करायला महिने जातात, ही तर आल्या आल्याच करते. मी खूश. काकांचा चेहरा मात्र कारल्यासारखा.

"काका, टीचर केवढं कौतुक करतायत!"

"अगं, चवड्यांवर ती घरीच चालते. त्याच्यासाठी फी कशाला? हिला टाच आपटायला मिळेल, असा क्लास पाहा."

दुसरा क्लास हिंदी गाण्यांवरचा. तिथे पोरी छताला हात लागेल अशा उडत होत्या. ओवीचे डोळे चमकले. काकांनी जिन्याजवळच टाच आपटली. "खाली कोण राहतं?" खाली होता दातांचा दवाखाना. काका तिथूनच मागे फिरले. "त्या डॉक्टरच्या हातात सुई असते, बेटा. ही वर उडी मारेल आणि खाली कुणाचा तरी भलताच दात जाईल." ओवीने गाडीत भोकाड पसरलं. काका पुढच्या सीटवर बसून तो आवाज मोठ्या समाधानाने ऐकत होते, कारण गाडीच्या खाली कोणी राहत नव्हतं.

तिसरा क्लास एका तमिळ बाईंच्या घरी, बेसमेंटमध्ये. काका जिना उतरले, टाच आपटली. ठण्ण काँक्रीट. "खाली कोण राहतं?" बाई गोंधळल्या, मग हसून म्हणाल्या, "नोबडी, अंकल. ओन्ली मदर अर्थ." भरतनाट्यमचा पहिला धडाच पाय आपटण्याचा. बाई म्हणाल्या, "हार्डर!" ओवीने आजोबांकडे पाहिलं. आजवर हा शब्द तिला कुणी म्हटलाच नव्हता. काकांनी मान हलवली आणि पोरीने पाय असा आपटला, की भिंतीवरची नटराजाची तसबीर हलली. काका चष्मा पुसत बसले. बेसमेंटात धूळ फार, म्हणाले.

इथवर सगळं छान. पण एके दिवशी बाईंनी ओवीला थांबवलं. पाय पडतोय, पण बोलत नाही. "घरी कशावर प्रॅक्टिस करते ही? गादीवर?"

मी हसले. काका हसले नाहीत.

घरी परतल्यावर वर जाऊन पाहिलं, तर हॉलभर गाद्या, त्यावर रजया, सगळ्यात वर सुनेच्या आईने दिलेली गोधडी. त्या ढिगाऱ्यावर ओवी तोल सावरत नाचायची आणि काका आवाज खाली जाऊ नये म्हणून स्वतः कोपरा दाबून बसायचे.

"काका, हे काय?"

"मी मार्चात जाणार, बेटा," काका म्हणाले. "तुझं डोकं कधी दुखेल, सांगता येत नाही. यांचं घर गेलं तर? आणि नाही नाचली, तर ही परत चवड्यांवर. मला रातभर झोप नाही."

मला त्या माणसाची फार माया वाटली आणि त्याहून जास्त राग आला. मी गोधडी ओढली. "काका, तुम्ही जगाला विचारता. मला एकदा तरी विचारलंत? खाली कोण राहतं?"

काकांनी गादीचा कोपरा सोडला.

"मी राहते. आणि मला आवाज पाहिजे."

मग आम्ही रीत ठरवली. अमेरिकेत खालच्या माणसाने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं, की त्याचा अर्थ 'गप्प बसा.' आमच्याकडे उलटं. संध्याकाळचा चहा झाला, की मी दांडा ठोकायची, म्हणजे 'सुरू करा.' लगेच वरून धाडधाड. माझ्या कपातला चहा डुचमळायचा. खरं सांगते, एक-दोनदा डोकं दुखलंही. तेव्हा मी गोळी घेऊन दांडा ठोकला.

मार्चात काका गेले. विमानतळावर पोचताच त्यांनी टाच आपटली, पण त्या दिवशी विचारलं काहीच नाही.

पुढे भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड आणलं, की पहिला फोन मी यवतमाळला लावायची. तब्येत, पाऊसपाणी राहायचं बाजूला. काका म्हणायचे, "वरचे सगळे गोडच सांगतात. खरं खालच्याला माहीत. येतो का आवाज?"

मी खुर्चीवर चढायची, दांड्याने छत ठोकायची आणि फोन उंच धरायची. वर ओवीचे पाय सुरू व्हायचे. कार्डातली बाई मधेच मिनिटं संपत आल्याचं सांगायची. हात भरून यायचा, पण फोन खाली घ्यावासा वाटायचा नाही, कारण पलीकडून, यवतमाळच्या फरशीवर, एक म्हातारी टाच हळूहळू ताल धरायला लागलेली असायची.