इरू

एस.टी. हलली तशी आई बसबरोबर चालू लागली. खिडकीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी आत ढकलत ओरडली, "इरू गं, इरू!" तिचं माहेर सीमेपलीकडचं, घाई झाली की तोंडून कानडीच यायची. इरू म्हणजे थांब, राहा. ड्रायव्हर काही थांबला नाही. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, आणि मी जपानला निघाले होते. मराठी मुलं जपानी शिकताना कुठं अडखळतात, याचा अभ्यास करायला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात बाबा हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. कळत कुणालाच नसे, बाबांनाही नाही.

आपली मुलं हमखास अडखळतात 'आहे'वर. आपल्याकडे आई आहे, कपाट आहे, कळंब्याला तळं आहे, सगळ्यांना एकच शब्द. जपानीत जिवंताला 'इरू', निर्जीवाला 'आरू'. आई लसूण सोलत होती तेव्हा मी तिला हे सांगितलं होतं. "इरू? आमच्यावाणीच की!" ती खूश झाली. मग हात थांबवून म्हणाली, "आन देवाला गं? इरू का आरू?"

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी फोनकार्ड घालून घरी फोन केला. मागे खूप माणसांचा गलका. आई कुठाय, विचारलं.

"हाय की घरातच," बाबा म्हणाले. "तू परीक्षा दे जा निवांत."

आई खरंच घरातच होती. पुढच्या खोलीत, भिंतीला टेकवून बसवलेली, कपाळावर विभूती, गळ्यात हार. आमच्यात मृताला असंच बसवतात. ती पहाटे गेली होती. मी काही केल्या पोचणार नव्हते, मग परीक्षा तरी कशाला बुडवायची, असा बाबांचा विचार. परीक्षा झाल्यावर त्यांनी सांगितलं. मी तेव्हा फार चिडले, अजूनही चिडते. जपानीत त्यांना क्रियापद निवडावं लागलं असतं आणि तिथंच ते सापडले असते. परीक्षकांना 'आहे'वरचं प्रकरण फार आवडलं, हेही सांगून ठेवते.

आता बाबाही नाहीत. तिकडे गावातच राहिलेले तुम्ही सगळे म्हणता, घर हाय की, ये कधीतरी. माझ्यासारखे निघून आलेले असं काही म्हणत नाहीत.

मी इथं परदेशी कामगारांना जपानी शिकवते. इरू-आरूच्या धड्याला वाक्य देते, कोल्हापुरात माझं घर आहे. आरू. मग कुणीतरी सराव म्हणून विचारतंच, सेन्सेई, घरात कोण आहे? कुणी नाही, मी सांगते, आणि क्रियापद, इरूचंच नकारार्थी रूप, अचूक येतं.

आई इरू म्हणाली ती चटणीच्या पुडीसाठीच, हे मला ठाऊक आहे. तरी घर म्हटलं की आता मला तेवढंच ऐकू येतं.